कंसात गेलेलं नाव

प्रश्न असा आला आहे: शिवकाल झाला, पेशवाई झाली, इंग्रज आले आणि गेले, मग आपलं राज्य आलं. इतक्या वेळा सत्ता बदलली, त्यातल्या कोणत्या बदलाने गावातल्या साध्या माणसाला खरोखर न्याय मिळाला? आणि शेवटी जाता जाता एक ओळ आहे, ‘आमच्या आजोबांचं नाव जुन्या सातबाऱ्यावर कंसात दिसतं, त्याचा अर्थ काय?’

विचारणाऱ्याने हे दोन प्रश्न वेगळे मानलेत. माझ्या लेखी ते एकच आहेत. मी चौतीस वर्षं महसुली बाजूची वकिली केली. तहसीलदारासमोर, प्रांतांसमोर, पुढे महसूल न्यायाधिकरणापर्यंत. इतिहास मी पुस्तकांतून थोडा वाचला. जास्त वाचला तो तहसिलीच्या अभिलेख कक्षात, फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या, नोंदवह्यांतून. म्हणून आधी कंसाचं सांगतो.

हस्तलिखित सातबाऱ्यावर एखाद्याचं नाव कमी करायचं झालं की ते खोडत नसत. नावाभोवती कंस करायचे आणि शेजारी एक वर्तुळ काढून त्यात आकडा लिहायचा. तो आकडा म्हणजे फेरफाराचा नंबर. कोणत्या कारणाने, कोणत्या तारखेला, कुणाच्या सांगण्यावरून हे नाव कमी झालं, ते त्या नंबराच्या फेरफारात सापडतं. नवा वकील सातबारा हातात घेतला की मोठ्या अक्षरातलं, कंसाबाहेरचं नाव वाचतो. मी पहिल्यांदा कंसातली नावं वाचतो. गावात सत्ता कुणाकडून कुणाकडे गेली ते तिथे दिसतं.

चौतीस वर्षांत माझं मत पक्कं झालंय ते असं: राज्य कुणाचं आहे यावरून गावातला न्याय ओळखता येत नाही. दप्तर, म्हणजे गावच्या नोंदी, कुणाच्या हातात आहे, आणि पुरावा कशाला म्हणायचं हे कोण ठरवतं, ते पाहावं लागतं. वरचं राज्य एका दिवसात बदलतं. दप्तर बदलायला दोन-दोन पिढ्या जातात, आणि तेही कुणीतरी भांडल्याशिवाय बदलत नाही.

शिवाजी महाराजांचं रांझ्याच्या पाटलाचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. १६४६ सालचं पत्र. रांझे गावचा मोकदम (पाटील) बाबाजी गुजर, त्याने बदअमल (गैरवर्तन) केला, चौकशी झाली, गुन्हा शाबीत झाला आणि त्याचे हातपाय तोडण्यात आले. आपण इथे थांबतो, कारण इथे छाती भरून येते, आणि यावी. वतनदाराला, म्हणजे गावच्या पिढीजाद हक्कदाराला, हात लावायला राजे कचरत त्या काळात एका तरुण जहागीरदाराने हे केलं. पण वकील म्हणून मला त्या पत्राचा पुढचा भाग तेवढाच महत्त्वाचा वाटतो. पाटीलकी जप्त झाली आणि मग रीतसर रक्कम भरून घेऊन गोतातल्याच सोनजी गुजराच्या नावे करून दिली गेली. माणसाला शिक्षा झाली, वतन गोतातच राहिलं. राजा कितीही न्यायी असो, गावाची घडी वतनावर बसलेली होती आणि ती मोडणं त्या वेळी कुणाच्याच हातात नव्हतं. महाराजांनी पुढे नवी वतनं द्यायचं टाळलं, रोख पगारावर भर दिला, तो याच अनुभवातून असं मला वाटतं.

त्या काळी तंटा गोतसभेपुढे जाई. गावचा पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, आसपासचे देशमुख-देशपांडे बसत. दोन्ही पक्षांकडून आधी ‘राजीनामा’ लिहून घेत, म्हणजे गोत सांगेल ते आम्हाला मान्य. हा शब्द ध्यानात ठेवा, पुढे तो वेगळ्याच वेषात भेटेल. मग साक्षी होत आणि निवाड्याचा महजर, म्हणजे लेखी निर्णयपत्र, होई. त्यावर पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी, बलुतेदारांपुढे आपापल्या हत्याराची. पुरावा म्हणजे जाणत्यांची आठवण. तीही जुळली नाही तर दिव्य, म्हणजे उकळत्या तेलातून रवा काढायचा आणि हाताला इजा झाली की दावा गेला.

या गोतसभेचं फार गुणगान होतं. तिच्यात चांगलं होतं ते एवढं की निवाडा डोळ्यांसमोर, आपल्या भाषेत, आपल्या माणसांत होई. पण एक गोष्ट मला नेहमी खुपते. गावाच्या शिवेचा वाद आला की महाराची साक्ष मोलाची मानत, कारण शीव त्याला पाठ. साऱ्या गावाच्या जमिनीच्या हद्दी ज्याच्या शब्दावर ठरल्या, त्याच्या वाट्याला हाडकी-हाडवळा, म्हणजे वतनाचा जमिनीचा तुकडा, आणि चोवीस तासांची राबणूक. न्यायाच्या कामाला तो हवा होता. न्यायात त्याचा वाटा नव्हता.

पेशवाईतल्या रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव न घेता पुढे जाता येत नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि रामशास्त्र्यांनी गादीवर बसलेल्या रघुनाथरावाला दोषी धरलं. त्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांच्या निर्भयतेमुळे एखाद्या उपऱ्याची, म्हणजे पिढीजाद हक्क नसलेल्या कसणाऱ्याची, जमीन त्याच्या नावावर झाली का? एक थोर न्यायाधीश म्हणजे न्यायव्यवस्था नव्हे, हे आपण अजून शिकायचंय.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने सुरुवातीला पंचायती चालू ठेवायचा प्रयत्न केला, १८२७ मध्ये त्याच्या नावाची कायद्याची संहिताही आली. पण मोठा बदल न्यायालयात झाला नाही, तो शेतात झाला. १८३६ मध्ये इंदापूरपासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांची मोजणी सुरू झाली. प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक नंबरला आकार, म्हणजे सरकारी सारा, तीस वर्षांसाठी ठरलेला. ज्याचं नाव सरकारी कागदात, तो सारा भरणार आणि जमीन त्याची. आधी मिरासदार, म्हणजे पिढीजाद हक्काचा जमीनधारक, आणि उपरी असा फरक असे. परागंदा झालेला मिरासदारसुद्धा वर्षांनी परत येऊन आपली मिरास मागू शके. तो फरक पुसला गेला. उपऱ्याच्या दृष्टीने ही सुधारणा होती, आणि ती मी नाकारत नाही. पण त्याच फटक्यात जमीन विकता येण्याजोगी, गहाण टाकण्याजोगी झाली. आधी सावकार पिकावर डोळा ठेवी, आता त्याचा डोळा नंबरावर गेला.

आणि पुराव्याचं काय? आता जाणत्यांची आठवण संपली, स्टॅम्पाचा कागद आला. दिवाणी न्यायालयात कर्जरोखा दाखवला की हुकूमनामा. शेतकऱ्याला समन्स पोचलं की नाही, त्याने किती घेतले, किती फेडले, रोख्यावर किती लिहिले, हे विचारायला कुणी बसलेलं नव्हतं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने तीन वर्षांत दावा लावायचं बंधन घातलं. हेतू कर्जदाराला वाचवण्याचा होता. झालं असं की सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेऊ लागला. कायदा कुणासाठी केला आणि कुणाच्या कामी आला, यातलं अंतर मी माझ्या वकिलीतही पुष्कळदा पाहिलंय.

मग १२ मे १८७५ ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी उठाव झाला. पुणे आणि नगर जिल्ह्यांत तो पसरला. त्या लोकांनी काय केलं ते नीट पाहा. सावकारांच्या जिवावर ते क्वचितच उठले. त्यांनी रोखे आणि वह्या मागितल्या, आणि चावडीसमोर जाळल्या. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं त्यांना अन्याय नेमका कुठे राहतो ते कळलं होतं. मला तो क्षण महाराष्ट्राच्या न्यायाच्या इतिहासातला फार मोठा वाटतो, कोणत्याही लढाईपेक्षा. चार वर्षांत, १८७९ मध्ये, दक्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. न्यायाधीशाने रोख्याच्या मागे जावं, व्यवहाराचा पहिल्यापासून हिशेब पाहावा, असं त्यात आलं. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं. आग लावल्यावर पुराव्याचा नियम बदलला.

दप्तर मात्र अजून कुलकर्ण्याच्याच घरी होतं. ते पिढीजाद. जोतीराव फुले त्याला कलमकसाई म्हणत, आणि ज्यांनी जुनी दप्तरं चाळलीत त्यांना त्या शब्दात अतिशयोक्ती वाटणार नाही. नोंद करायची की नाही, कधी करायची, कुणाला वाचून दाखवायची, हे एका घराच्या मर्जीवर. इथे मला शाहू महाराजांचं काम सगळ्यात नेमकं वाटतं. १९१८ मध्ये त्यांनी करवीर (कोल्हापूर) संस्थानात कुलकर्णी वतन बंद केलं आणि पगारी तलाठी नेमले. त्याच वर्षी महार वतनं खालसा करून त्या जमिनी रयतावा, म्हणजे सारा भरून त्यांच्याच मालकीच्या, केल्या. भाषणं सगळेच करतात. महाराजांनी लेखणीच एका घरातून काढून घेतली. मुंबई इलाख्यात हेच व्हायला १९५० चा परगणा व कुलकर्णी वतन रद्द करणारा कायदा यावा लागला.

कोकणात गोष्ट आणखी अवघड होती, कारण तिथे रयत आणि सरकार यांच्यामध्ये खोत, म्हणजे सारा वसूल करणारा मध्यस्थ, बसलेला. १९३३ मध्ये अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्यांनी, संप केला. आम्ही जमीन कसणार नाही. एक हंगाम नाही, सहा वर्षं. लाकूडफाटा विकला, मासळी धरली, अर्धपोटी राहिले, पण नांगर धरला नाही. डॉ. आंबेडकरांनी त्यांना पाठिंबा दिला, १७ सप्टेंबर १९३७ ला खोती नष्ट करण्याचं विधेयक विधिमंडळात मांडलं आणि १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. विधेयक काही मंजूर झालं नाही. पण १९३९ मध्ये कूळवहिवाटीचा पहिला कायदा आला आणि संरक्षित कूळ ही गोष्ट कागदावर उगवली. खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा. मुलांना हा इतिहास शिकवताना आपण कायद्याचं साल सांगतो, संपाचं सांगत नाही. कोर्टात ज्या कलमाचा मी आधार घेत आलो ते चरीच्या लोकांनी उपाशी राहून मिळवलेलं आहे, हे मला प्रत्येक वेळी आठवतं.

आता १९४८ चा कूळकायदा. त्याच्या १९५६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवला. त्या दिवशी जो कूळ म्हणून कायदेशीर कसत होता, तो कायद्यानेच मालक झाला. अर्ज नको, मेहेरबानी नको. किंमत शेतजमीन न्यायाधिकरण ठरवणार, साध्या कुळाला आकाराच्या वीस ते दोनशे पटींच्या दरम्यान. जमीनदार सर्वोच्च न्यायालयात गेले, १९५८ मध्ये मेढी खटल्यात कायदा टिकला. जगात असे बदल होताना पुष्कळ ठिकाणी रक्त सांडलं. आपल्याकडे एका तारखेने ते झालं. याचा मला अभिमान आहे.

आणि तरीही. कायदा येणार हे ज्यांना वाचता येत होतं त्यांना आधी कळलं. मधल्या वर्षांत कुळांकडून जमीन सोडल्याचे कागद लिहून घेतले गेले. त्या कागदाचं नाव काय? राजीनामा. गोतसभेतला तोच शब्द. राजीखुशीने सोडतो म्हणून अंगठा. १९५७ मध्येच गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या दांडेकर-खुदनपूर यांच्या पाहणीने दाखवलं की यातले बरेचसे राजीनामे नावापुरते खुशीचे होते.

माझं एक प्रकरण सांगतो. मावळ पट्ट्यातलं गाव, भाताची खाचरं. सत्तरी ओलांडलेले एक आजोबा पत्र्याची पेटी घेऊन आले. पेटीत खंडाच्या पावत्या, कडा उंदरांनी कुरतडलेल्या, एकीवर ‘भात मण’ एवढंच वाचता येत होतं आणि खाली मालकाची सही. सातबाऱ्याच्या पीकपाहणीत १९५४-५५ पर्यंत त्यांच्या वडिलांचं नाव, कूळ म्हणून. १९५६-५७ साली त्याच रकान्यात ‘खुद्द’, म्हणजे मालक स्वतः कसतो. फेरफार काढला. ‘कुळाने राजीखुशीने वहिवाट सोडली’, खाली अंगठा. आता कलम १५ असं सांगतं की कुळाने जमीन सोडायची तर लेखी, आणि मामलेदाराने पडताळणी केलेली हवी. मामलेदाराच्या हुकुमाचा नंबर कुठेच नव्हता. चौकशीच्या दिवशी साहेबांनी विचारलं, ‘सत्तावन्ननंतर जमीन कोण कसत होतं?’ आजोबा म्हणाले, ‘आमीच की. कागदात आमी न्हाई, ह्ये आमाला कुठं ठावं?’

चाळीस वर्षं ते स्वतःच्या जमिनीचा खंड भरत होते. निकाल लागायला अकरा वर्षं गेली, आजोबा तोवर गेले. किंमत निघाली काही शे रुपये. ३२म चं, म्हणजे कलम ३२म खालचं खरेदीचं, प्रमाणपत्र मुलाने घेतलं तेव्हा त्याने ते वाचलं नाही, पेटीत पावत्यांवर ठेवलं आणि पेटी बंद केली.

महार वतनाचं असंच, पण जास्त दुखरं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्येच मुंबईच्या कौन्सिलात वतन कायद्याला दुरुस्ती सुचवली होती. वतन रद्द झालं १९५८ च्या कायद्याने. जमिनी मूळ वतनदारांनाच परत द्यायच्या, आकाराची तिप्पट रक्कम भरून, आणि परवानगीशिवाय विकायच्या नाहीत. शर्त संरक्षणाची होती. पण ज्याच्याकडे ती तिप्पट भरायलाही पैसे नव्हते, त्याची जमीन साध्या कागदावर दुसऱ्याच्या ताब्यात गेली. सहा-ब च्या, म्हणजे अशाच वतनी वर्गातल्या, जमिनींचे सातबारे मी शहरांच्या आजूबाजूला पाहिलेत. मालकाच्या रकान्यात एक नाव आणि जमिनीवर दुसऱ्याचंच मंगल कार्यालय.

आता सगळ्यात ताजा बदल, बायकांचा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायिक, म्हणजे जन्मापासूनच्या हिस्सेदार, केलं, पण तेव्हा लग्न झालेल्यांना वगळलं. ९ सप्टेंबर २००५ ची केंद्राची दुरुस्ती सगळ्यांना लागू झाली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही. कायद्यात आता फारशी पळवाट उरलेली नाही. म्हणून आता हक्कसोडपत्र आहे, म्हणजे बहिणीने आपला हिस्सा सोडल्याचा कागद. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाबाहेर बाकावर तीन बहिणी बसलेल्या, भावाने नव्या साड्या घेतलेल्या. थोरलीने मला बाजूला बोलावून विचारलं, ‘सही नाही केली तर हिस्सा मिळेल ना? आणि माहेर?’ पहिल्याचं उत्तर मी दिलं. दुसऱ्याचं माझ्याकडे नव्हतं. तिने सही केली. सातबाऱ्यावर तिचं नाव वारस म्हणून जेमतेम दोन महिने होतं, मग कंस. सत्ता घरातही असते, आणि तिथली उलथापालथ अजून व्हायची आहे.

एक गोष्ट मला उभारी देते. २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या नियमांत गावातल्या जाणत्या माणसांचं कथन, लिहून घेतलेलं, पुरावा म्हणून धरलं जातं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवला तो या कायद्याने. गोतसभेनंतर आठवणीला पुन्हा पुराव्याचा मान मिळाला, आणि या वेळी ती आठवण ज्यांची, हक्कही त्यांचाच.

उलट एक काळजी. २०२१ पासून पीकपाहणी खातेदार स्वतः मोबाइलवर नोंदवतो. तलाठ्याच्या मर्जीतून सुटका झाली, छान झालं. पण नोंद खातेदाराच्या हातात गेली म्हणजे वाट्याने, तोंडी बोलीवर जमीन कसणारा त्या रकान्यात येणारच नाही. नुकसानभरपाई, पीकविमा, कर्ज, सगळं त्या नोंदीवर. उद्याचा चरीचा संप कशावरून होईल असं मला कुणी विचारलं तर मी या रकान्याकडे बोट दाखवीन.

आता तुमच्या आजोबांचं. कंसाशेजारच्या वर्तुळातला आकडा वाचा आणि तहसिलीतून त्या फेरफाराची नक्कल अर्ज करून काढा. तारीख पाहा. १५ जून १९५५ ला आजोबा कूळ म्हणून ताब्यात होते आणि १ एप्रिल १९५७ च्या आत कायदेशीर हुकमाशिवाय त्यांना काढलं असेल, तर कायद्यात त्यासाठी वेगळी तरतूद आहे. कारणाच्या जागी ‘राजीनामा’ असेल तर मामलेदाराच्या पडताळणीचा नंबर शोधा. ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर ते एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून लागलेलं एका भावाचं नाव आहे, आणि मग प्रश्न कुळाचा नाही, भाऊबंदकीचा आहे. साठ-सत्तर वर्षांच्या विलंबाने केलेलं अपील बहुतेक वेळा मुदतीवरच पडतं, हे आधीच सांगून ठेवतो. ताबा आजही तुमच्या घराकडे असेल तर मात्र गोष्ट वेगळी. आणि घरात एखादी पत्र्याची पेटी असेल तर ती आधी उघडा. आतले कागद लॅमिनेट करू नका; मूळ कागदावरची शाई आणि अंगठा तपासता आला पाहिजे.